टाकीवरचा वीरू सेन्सॉरला दिसला नाही

२०२४ साली ब्रिटनमध्ये 'मेरी पॉपिन्स' पुन्हा चित्रपटगृहात लागला, तेव्हा तिथल्या वर्गीकरण मंडळाने त्याचं प्रमाणपत्र 'यू'वरून, म्हणजे 'सर्वांसाठी'वरून, 'पीजी' केलं. छत्री धरून आभाळातून उतरणाऱ्या, मुलं सांभाळणाऱ्या बाईचा हा १९६४ सालचा बालचित्रपट. त्यात एक म्हातारा आरमारी अधिकारी काजळीने माखलेल्या धुराडीवाल्यांना बघून 'हॉटेंटॉट' असा शब्द वापरतो. दक्षिण आफ्रिकेतल्या खोइखोइ लोकांना गोऱ्यांनी ठेवलेलं हे हिणकस नाव. बदलाचं कारण एवढंच. मग जे व्हायचं ते झालं. 'पीजी'चा अर्थ मूल लहान असेल तर पालकांनी विचार करून ठरवावं, इतकाच आहे. एक फ्रेम कापली गेली नव्हती, एकाही मुलाला दारात अडवायचं नव्हतं. तरी एका बाजूने 'बंदी, बंदी' असा आरडाओरडा सुरू झाला आणि दुसरी बाजू 'असला सिनेमा साठ वर्षं मुलांना दाखवलाच कसा' म्हणून कपाळ बडवू लागली. या सगळ्या गदारोळात मुलांविषयी कुणी बोलत होतं का? मला तरी ऐकू आलं नाही. मोठी माणसं आपापल्या बालपणाचा हिशेब चुकता करत होती.

आपल्याकडे जुन्या हिंदी-मराठी सिनेमांवरून होणारी भांडणंही याच वळणाने जातात. 'आम्ही हेच बघून मोठे झालो, आमचं काय वाकडं झालं?' हा एक ठरलेला सवाल, आणि 'काढून टाका ते, आजच्या काळात चालणार नाही' हा दुसरा ठरलेला निकाल. मला दोन्ही आळशीपणाचे वाटतात. जुन्या सिनेमाला कात्री लावू नये, या मताचा मी आहे. शिक्का बदलायचा असेल तर खुशाल बदलावा. पण त्या शिक्क्यावर विसंबू नये. कारण कुठल्याही काळाचा सेन्सॉर त्या काळाला जे बोचतं तेवढंच बघतो, आणि मुलांच्या मनात घर करून बसतं ते नेमकं त्या काळाला न बोचलेलं. ते ओळखण्याचं काम मंडळाचं नव्हे, मुलाशेजारी बसलेल्या मोठ्या माणसाचं. अडचण अशी, की ते मोठं माणूस बरेचदा त्याच जागी खो-खो हसत असतं.

'शोले'चंच बघा. १५ ऑगस्ट १९७५ ला तो लागला, तेव्हा आणीबाणीला दोन महिनेही झाले नव्हते. मूळ शेवटात ठाकूर खिळे मारलेल्या बुटांनी गब्बरला ठार करतो. सेन्सॉरने हरकत घेतली: एका माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घ्यायचा म्हणजे काय? शेवट पुन्हा चित्रित करावा लागला, आणि पोलीस ऐनवेळी येऊन ठाकूरला आवरतात असा झाला. इमामसाहेबांच्या मुलाला गब्बर मारतो तो प्रसंगही छाटला गेला. मूळ शेवट असलेली प्रत दुरुस्त होऊन इटलीतल्या बोलोन्याच्या चित्रपट महोत्सवात दाखवली गेली ती थेट २०२५ साली. म्हणजे त्या सिनेमाकडे सेन्सॉरने डोळ्यांत तेल घालून पाहिलं होतं, याबद्दल शंका नको.

आणि त्याच सिनेमात वीरू दारू पिऊन पाण्याच्या टाकीवर चढतो. बसंतीशी लग्न लावून द्या, नाहीतर उडी टाकतो, असं वरून ओरडतो. खाली गाव गोळा होतं. बसंतीच्या मावशीने आधी स्पष्ट नकार दिलेला असतो. आता ती घाबरून होकार देते. सगळं सोंग असतं, आणि आपण सगळे हसतो. गेल्या सुट्टीत मीही हसत होतो. शेजारी अकरा वर्षांची भाची बसली होती. ती म्हणाली, "मामा, मावशी नाही म्हणाली होती ना? मग आता हो म्हणायला का लावलं?" मी म्हटलं, "अगं, गंमत आहे ती." ती म्हणाली, "हो, पण तिला माहीत नाहीये ना गंमत आहे ते." चेहऱ्यावरचं हसू कुठे लपवावं, मला कळेना. बसंतीला तो आवडतोच, शेवटी सगळ्यांच्या मनासारखंच होतं, वगैरे वकिली माझ्या ओठांवर आली होती. पण तिचा प्रश्न बसंतीविषयी नव्हताच. नाही म्हणणाऱ्या बाईला चारचौघांत, जिवाची भीती घालून हो म्हणायला लावलं, आणि ते सिनेमाने विनोदात जमा केलं, हे तिने बरोबर हेरलं होतं. कायदा कुणी हातात घेतो यावर डोळा ठेवून बसलेल्या मंडळाला त्या टाकीवर काहीच आक्षेपार्ह दिसलं नव्हतं. मला तरी कुठे दिसलं होतं? मी तो प्रसंग किती वेळा पाहिला असेल, त्याची गणती नाही.

इथे प्रतिपक्षाचा सगळ्यात वजनदार मुद्दा आधी मांडतो. १९७० साली ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटांची पूर्वतपासणी घटनेत बसते असा निकाल दिला. सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांचं म्हणणं थोडक्यात असं, की सिनेमा इतर कुठल्याही कलेपेक्षा भावना अधिक खोलवर हलवतो, आणि मुलांच्या मनावर त्याचा परिणाम फार मोठा असतो. त्यांना पडद्यावरचं खरं वाटतं, ती त्याचं अनुकरण करू पाहतात. हे मला मनापासून पटतं. 'सिनेमा बघून कुणी बिघडत नाही' असं म्हणणाऱ्याने मग सिनेमा बघून कुणी सुधारतं असंही म्हणू नये. पण अनुकरण नेमकं कुणाचं होतं? आमच्या पिढीतल्या प्रत्येक पोराने कमरेचा पट्टा हातात गुंडाळून, दगडावर फरपटवत गब्बर केला. त्यातलं कुणी डाकू झालं नाही. कारण गब्बर वाईट आहे हे सिनेमाच ओरडून सांगतो. संगीत सांगतं, कॅमेरा सांगतो, त्याचे दात सांगतात. खलनायकावर सिनेमाने स्वतःच खूण करून ठेवलेली असते. नायकावर कोण खूण करणार? नायिकेच्या मागे मागे फिरून, तिची वाट अडवून, तिच्या रागाला लाडीगोडी समजून गाणं म्हणणाऱ्या देखण्या नायकाच्या पाठीशी अख्खा सिनेमा उभा असतो, वाद्यवृंदासकट. मुलं घरी घेऊन जातात ते हे. रक्ताचे थेंब आणि शिव्या मोजणाऱ्या यंत्रणेच्या तराजूत हे तोलताच येत नाही.

हा दोष आपल्या मंडळाचाच आहे असंही नाही. १९३० साली प्रभात कंपनीने शिवाजी महाराजांवरच्या मूकपटाला 'स्वराज्याचं तोरण' असं नाव दिलं होतं. ब्रिटिश सेन्सॉरला 'स्वराज्य' हा शब्दच झोंबला. चित्रपट अखेर 'उदयकाल' या नावाने आला. गंमत म्हणजे पुढे तीनच वर्षांत, १९३३च्या 'कर्मा'मध्ये देविकाराणी आणि हिमांशु राय यांचं लांबलचक चुंबन पडद्यावर दिसलं. त्यावर साम्राज्य काही कोसळलं नाही. स्वातंत्र्यानंतर पारडं फिरलं: स्वराज्य हा शब्द पाठ्यपुस्तकात गेला आणि ओठांच्या जागी फुलं एकमेकांना भिडू लागली. १९६९ साली सेन्सॉरचा विचार करायला नेमलेल्या खोसला समितीला, कथेची गरज असेल तर चुंबनाला हरकत नसावी, असं लिहून द्यावं लागलं. अमेरिकेतली हेज संहिता, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचं नाही याची हॉलिवूडने स्वतःलाच घालून घेतलेली नियमावली, तिची कथा तर याहून बोलकी आहे. १९३४ पासून तिचा कडक अंमल सुरू झाला आणि १९६८ पर्यंत, शेवटी शेवटी लंगडत का होईना, ती टिकली. कोवळ्या मनांचं रक्षण हा तिचा एक मोठा दावा. त्याच संहितेत काळ्या-गोऱ्यांमधले प्रेमसंबंध दाखवायला मनाई होती. म्हणजे मुलांच्या नावाने जे जपलं जात होतं, त्यात मोठ्यांचा वर्णद्वेषही होता. १९३९च्या 'गॉन विथ द विंड'च्या शेवटच्या संवादातल्या 'डॅम' या शब्दावरून केवढा खल झाला! आणि मालकिणीवर जीव ओवाळून टाकणारे, गुलामीत सुखी असलेले गुलाम मात्र पडद्यावर ऐटीत वावरत राहिले. २०२० साली एका ओटीटी सेवेने तो सिनेमा काही दिवस काढून ठेवला आणि मग एका चित्रपट-अभ्यासक बाईंच्या प्रस्तावनेसह परत आणला. मला तो मधला मार्ग रास्त वाटतो. काढून ठेवण्याची घाई तेवढी वाटत नाही.

शिक्का किती चंचल असतो पाहा. 'मिडनाइट काउबॉय' या अमेरिकन सिनेमाला १९६९ साली 'एक्स', म्हणजे फक्त प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र मिळालं, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्करही मिळालं, आणि १९७१ साली एकही फ्रेम न बदलता तोच सिनेमा 'आर', म्हणजे मुलांनाही पालकांबरोबर बघता येईल असा, झाला. उलट दिशेने, सशांच्या कळपाची गोष्ट सांगणारा १९७८चा 'वॉटरशिप डाउन' ब्रिटनमध्ये चव्वेचाळीस वर्षं 'यू' होता. सशांचा आहे म्हणून पालकांनी तो निर्धास्तपणे लावला, आणि रक्तबंबाळ झुंजी बघून मुलांच्या कित्येक पिढ्या घाबरल्या. २०२२ साली तो 'पीजी' झाला. या बदलाला मात्र मी टाळ्या वाजवतो. कारण इथे मुलांना खरोखर काय झालं याकडे पाहून निर्णय घेतला गेला, मोठ्यांची लाज झाकण्यासाठी नव्हे.

आता कात्रीविषयी. परग्रहावरच्या पाहुण्याची गोष्ट सांगणाऱ्या 'ई.टी.'च्या विसाव्या वाढदिवसाला, २००२ साली, दिग्दर्शक स्पीलबर्गने स्वतःच्याच सिनेमातल्या पोलिसांच्या हातातल्या बंदुका संगणकाने पुसून तिथे वॉकी-टॉकी दिले. मुलांच्या मागे बंदुका घेऊन धावणारे पोलीस त्याला नंतर खटकले होते. पुढे त्याला याचा पश्चात्ताप झाला, आणि प्रत्येक सिनेमा हा आपण त्या वेळी कुठे होतो याची खूण असतो, अशा अर्थाचं तो २०२३ साली बोलला. मी त्यात एक भर घालीन. बंदूक पुसली की प्रश्नही पुसला जातो. 'लहान मुलांच्या मागे बंदूक घेऊन का धावतायत?' हे मुलाने विचारायचं, त्या आधीच कुणीतरी उत्तर खोडून टाकलेलं असतं. टाकीचा प्रसंग कुणी कापून दाखवला असता, तर माझ्या भाचीला एक सुबक, निर्दोष सिनेमा मिळाला असता आणि मला माझ्याच हसण्याची लाज वाटण्याची संधी मिळाली नसती.

'आमचं काय वाकडं झालं' या सवालाला मात्र मी सरळ उत्तर देतो: झालं की. फार नाही, पण झालं. सावळ्या मुलीला पाहून होणारे विनोद, जाड बाईची फजिती, दाक्षिणात्य माणसाचे 'अय्यो', कानाखाली बसल्यावर ताळ्यावर येणारी गर्विष्ठ नायिका. हे सगळं आमच्या बोलण्यात अजून आहे. आम्ही त्याला संस्कार म्हणत नाही, एवढंच. ज्याला काही झालं नाही असं वाटतं, त्याने आपल्या बायकोला एकदा विचारावं.

पण मग 'हे सगळं मागासलेलं, आजचंच काय ते शहाणं' असंही कुणी म्हणू नये. १९३७चा 'कुंकू' घ्या. म्हाताऱ्या बिजवराशी फसवून लग्न लावलेली नीरा त्याला नवरा मानायलाच नकार देते. सलगी करू पाहणाऱ्या सावत्र मुलाला ती छडीने फोडून काढते. शांता आपटे त्यात इंग्रजी कविता गातात, तीही अशी की ऐकणाऱ्याचा कणा ताठ व्हावा. शेवटी म्हातारा आत्महत्या करतो. आजच्या निकषांनी त्या सिनेमाला वयाचा वरचा गट लागेल, आत्महत्येसाठी आणि विजोड लग्नाच्या विषयासाठी. नायिकेच्या गालावर चापट मारून तिला वठणीवर आणणारे, रंगीत, गोड, नाचगाण्यांचे कितीतरी सिनेमे त्याच निकषांनी खालच्या गटात बसतील. शिक्का सिनेमात काय आहे ते सांगतो, सिनेमा कुणाच्या बाजूने आहे ते सांगत नाही. तेरा वर्षांच्या मुलीने आधी कुठला बघावा, असं मला विचाराल तर मी 'कुंकू' लावून देईन.

यावर सगळ्यात खरी हरकत येते ती तत्त्वाची नाही, वेळेची. शेजारी बसायचं कुणी? दोघं कामावर, मूल एका खोलीत, हातात फोन, आणि पन्नास वर्षांचा सिनेमा तुकड्या-तुकड्यांनी त्या फोनवर आलेला. 'पालकांनी मार्गदर्शन करावं' हे वाक्य लिहिणाऱ्याच्या घरी बहुधा कुणीतरी दुसरं मुलांकडे बघत असतं! हे मला मान्य आहे. म्हणून मी शिक्क्यांच्या विरोधात नाही. १९८३ पर्यंत आपल्याकडे 'यू' आणि 'ए' असे दोनच मुख्य गट होते. मग बारा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांना सावध करणारा 'यूए' आला. चित्रपट कायद्यातल्या २०२३च्या दुरुस्तीने त्याचे सात, तेरा आणि सोळा असे तीन भाग झाले. ओटीटीसाठी २०२१च्या नियमांत असेच वयोगट आले होते, आणि तेरापासून वरच्या गटांसाठी पालकांच्या कुलपाची सोय सक्तीची झाली होती. हे चांगलं झालं. सहा वर्षांच्या मुलाला सोळा वर्षांच्या मुलाबरोबर एकाच 'यूए'त कोंबणं हा वेडेपणाच होता. मला आठवतं, आमच्या घरातल्या सर्वात धाकट्याला 'शोले'मधल्या गोळ्यांनी काही केलं नाही. ठाकूर घरी परततो तेव्हा अंगणात ओळीने ठेवलेली प्रेतं आणि वाऱ्याने त्यांच्या तोंडावरून उडणारी पांढरी चादर, या एका दृश्याने तो आठवडाभर दिवा मालवू देत नव्हता. अशा ठिकाणी वयाचा आकडा उपयोगी पडतो, आणि तो पाळावा.

पण २०२३च्या त्या दुरुस्तीतली एक तरतूद कुणी फारशी वाचत नाही. 'यूए'चे हे वयोगट अंमलात आणायचे ते पालकांनी किंवा पाल्याची जबाबदारी असणाऱ्याने, दुसऱ्या कुणी नाही. चित्रपटगृहाचा दारवान नऊ वर्षांच्या मुलाला 'तेरा अधिक' म्हणून परत पाठवू शकत नाही. म्हणजे कायद्यानेच चेंडू आपल्या अंगणात टाकला आहे, आणि आपण अजून मंडळाच्या नावाने बोंब मारतोय. वेळ नाही म्हणता? प्रत्येक सिनेमाला शेजारी बसा असं कोण म्हणतंय? वर्षाकाठी चार-पाच बसलात तरी मूल उरलेले एकटं बघताना प्रश्न विचारायला शिकतं. आणि बसलात तर कृपा करून दर पाच मिनिटांनी थांबवून प्रवचन देऊ नका. रिमोट हातात धरून 'बघ हं, हे चुकीचं आहे' म्हणणारा बाप कुठल्याही सेन्सॉरपेक्षा भयंकर. सिनेमा संपू द्यावा. मग एखादा प्रश्न, तोही खरा. ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे असा नव्हे. मूल म्हणेल, 'मला नाही तसं वाटलं.' तेव्हा गप्प बसता यायला हवं. पडद्याच्या तळाशी तंबाखूचा इशारा २०१२ पासून उभा आहे. तो आता किती जणांना दिसतो? सतत लावलेली पाटी भिंतीचा भाग होऊन जाते, मग ती सरकारने लावलेली असो की आईने.

एक मुद्दा मात्र मला अजून पुरता खोडता आलेला नाही, म्हणून तो शेवटी ठेवला. 'संदर्भासह दाखवा' हे म्हणणं सोपं असतं, कारण म्हणणारा बहुधा त्या विनोदाचा विषय नसतो. जुन्या विनोदी सिनेमांत तोतरं बोलणारं एक पात्र हमखास असे. ते शब्दावर अडकलं की थिएटर डोक्यावर घेतलं जाई. माझा एक वर्गमित्र तसा बोलायचा. शाळेने एकदा आम्हाला ओळीने सतरंजीवर बसवून असाच एक सिनेमा दाखवला. पडद्यावरचा माणूस अडखळला आणि सगळा वर्ग मागे वळून त्याच्याकडे बघून हसला. मीही वळलो होतो. त्या मुलाला प्रस्तावना काय कामाची? चर्चा काय कामाची? इथे मी माघार घेतो: जिथे उठून जाता येत नाही अशा ठिकाणी, शाळेत, शिबिरात, बसमध्ये, असे सिनेमे लावू नयेत. आज, इथे, या मुलांसमोर न लावणं आणि सिनेमाच कापून टाकणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याला सेन्सॉरशिप म्हणणारे लोक भान नसल्याचं सोंग आणतात.

त्या मित्राला मी अलीकडे विचारलं, तू आपल्या मुलाला असले सिनेमे दाखवतोस का? तो म्हणाला, दाखवला, तोच, शाळेतला. त्यातली गाणी मला आवडतात. मुलगा दहा वर्षांचा. ते पात्र आलं आणि अडखळलं, तेव्हा मुलगा पडद्याकडे बघतच नव्हता. तो बापाच्या तोंडाकडे बघत होता. "मग?" मी विचारलं. मित्राने नेहमीसारखा पहिल्या अक्षरावर वेळ घेतला. म्हणाला, "मी हसलो नाही. तोही नाही हसला. मग गाणं लागलं, ते दोघांनी मोठ्यांदा म्हटलं." गाताना तो कधीच अडखळत नाही.